घरातल्या स्मार्ट वस्तूंना ओटीवरच बसवा

नवा एसी बसवून झाला की कंपनीचा माणूस हात पुसत म्हणतो, "वाय-फायचा पासवर्ड सांगा, ॲपला जोडून देतो." आपण सांगतो. त्याआधी टीव्ही लावणाऱ्याला सांगितलेला असतो, गिझरवाल्याला सांगितलेला असतो, दारावरचा कॅमेरा बसवणाऱ्या मुलालाही सांगितलेला असतो. पासवर्ड किती जणांना कळला, हा यातला लहान प्रश्न. मोठा प्रश्न असा, की तो एसी, तो टीव्ही आणि तो कॅमेरा आता कुणाच्या शेजारी येऊन बसले? ज्या लॅपटॉपवरून तुम्ही आयकराचं विवरण भरता, ज्या हार्डडिस्कवर घरातले सगळे फोटो आहेत, ज्या फोनवरून बाबा पेन्शनचं खातं बघतात, त्यांच्या अगदी शेजारी. मधे भिंत नाही.

घरातलं नेटवर्क असं सपाट असतं. राउटर जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता देतो. लॅपटॉप १९२.१६८.१.५, प्रिंटर १९२.१६८.१.८, बैठकीतला बल्ब १९२.१६८.१.१४, अशी ही यादी असते. पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे असले की साधारणपणे त्या वस्तू एकमेकींशी थेट बोलू शकतात. राउटर त्यांचं बोलणं पोचवतो, पण कोण कुणाला काय म्हणतंय याची चौकशी करत नाही. बल्बला लॅपटॉपशी काही काम नसतं, म्हणून तो बोलत नाही. बोलायचं ठरवलं तर त्याला अडवणारं कुणी नाही, एवढाच मुद्दा.

शिवाय नेटवर्कच्या आत सगळेच भाबडे असतात. प्रिंटर कुणाचंही कागदपत्र छापतो. टीव्ही कुठल्याही फोनवरून आलेला व्हिडिओ दाखवतो. फोटोंची हार्डडिस्क बऱ्याच घरांत पासवर्डशिवाय उघडते, कारण 'घरातलेच तर बघणार'. या वस्तू बनवणाऱ्यांनी गृहीत धरलंय की आत आलेला प्रत्येक जण विश्वासाचा आहे. ते गृहीतक लॅपटॉप आणि दोन फोन असलेल्या घरात चालून जात होतं. पंखा, गिझर, इन्व्हर्टर, सोलरचा डबा, झाडू मारणारा रोबो आणि टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं यंत्र हे सगळं वाय-फायवर आलं, तेव्हापासून ते मोडलं आहे.

बल्ब बिघडणार कसा, असं कुणी विचारेल. फोनला महिन्या-दोन महिन्यांनी अपडेट येतो, कारण तुम्ही पुढचा फोनही तिचाच घ्यावा असं फोन विकणाऱ्या कंपनीला वाटत असतं. आठशे रुपयांच्या बल्बचं तसं नाही. तो विकला की व्यवहार संपला. त्याच्या आत एक छोटा संगणक आहे, त्यावर एक प्रोग्रॅम आहे, त्या प्रोग्रॅममध्ये कधीतरी भोक सापडतं आणि ते बुजवायला कुणी येत नाही. बल्ब आठ-दहा वर्षं प्रकाश देत राहतो आणि भोकही तेवढीच वर्षं उघडं राहतं.

हे किती दूरवर जाऊ शकतं ते २०१६ साली दिसलं. 'मिराई' नावाचा एक प्रोग्रॅम इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरायचा. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांच्या जोड्या होत्या, तेवढ्याच. त्या एकामागून एक लावून बघायच्या, लागली तर आत शिरायचं आणि तिथून पुढचा कॅमेरा शोधायचा. असे लाखाच्या घरातले गुलाम हाताशी आल्यावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाइन' या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला. ही कंपनी संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते सांगण्याचं काम करायची. ती कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेकांना तासन्‌तास उघडेनात. मिराई लिहिणारे तीन तरुण निघाले. सुरुवात माईनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवाल्यांमधल्या धंद्याच्या चुरशीतून झाली होती. मिराई यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहायचा, त्यामुळे कॅमेरा बंद करून चालू केला की तो जायचा. मात्र पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत यायचा.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोचरं आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीच्या खोलीतलं सीसीटीव्ही चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला आल्याचं उघड झालं. गुजरात पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. तपासातून बाहेर आलेला तिथल्या यंत्रणेचा पासवर्ड होता 'ॲडमिन१२३'. एप्रिल २०२५पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी निकषांवर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे, ती चांगलीच गोष्ट. पण तुमच्या दारावर तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या कॅमेऱ्याला ती चाचणी लागू नाही.

मिराईच्या काळात धोका बाहेरून दार ठोठावत यायचा. आता आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचणं अवघड झालंय. 'मग आपण सुरक्षितच की!' असं त्यावरून काही जण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बद्दल इशारा दिला. स्वस्त, बिननावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स कारखान्यातून निघतानाच आत चोर घेऊन येत होते किंवा पहिल्या जोडणीच्या वेळी तो आत घेत होते. पुढच्याच महिन्यात गुगलने न्यूयॉर्कमध्ये यामागच्या टोळीवर दावा लावला, तेव्हा अशी एक कोटीहून अधिक यंत्रं असल्याचं सांगितलं. असा बॉक्स दार ठोठावत नाही. तुम्हीच तो खोक्यातून काढून टीव्हीला लावता आणि वाय-फायचा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करून देता. आत बसून तो बाहेरच्या मालकाला फोन लावतो, आणि आतून बाहेर जाणारा फोन राउटर आपण होऊन अडवत नाही.

आत शिरलेली वस्तू आडवी कशी सरकते, याचा सगळ्यांत गाजलेला किस्सा उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोचा आहे. 'डार्कट्रेस' या सुरक्षा कंपनीने तो सांगितला. दर्शनी भागातल्या मत्स्यालयात पाण्याचं तापमान मोजणारं इंटरनेटला जोडलेलं यंत्र होतं. चोर त्यातून आत आले आणि कॅसिनोच्या नेटवर्कमधली माहिती त्याच वाटेने बाहेर नेली. मासे आणि जुगाऱ्यांची यादी एकाच नेटवर्कवर होती, यापलीकडे त्यात काही जादू नाही.

म्हणून खरा उपाय दाराला आणखी एक कुलूप लावण्याचा नाही. ते लावाच, पण घरातली एखादी वस्तू कधी ना कधी फितूर होणार असं धरून चाला, आणि ती झाली तरी तिचा हात कुठवर पोचेल ते आधीच ठरवून ठेवा. कोकणातल्या जुन्या घरात कामासाठी आलेला माणूस ओटीवर बसतो. त्याला गूळपाणी मिळतं, दोन शब्द बोलणं होतं. घरातलं कुणीही माजघरातून उठून ओटीवर कधीही येऊ शकतं. ओटीवरचा माणूस मात्र हाक आल्याशिवाय माजघरात पाऊल टाकत नाही. नेटवर्क वेगळं करायचं म्हणजे नेमकं एवढंच करायचं. बोलणं कुठल्या बाजूने सुरू होऊ शकतं, ते ठरवायचं. फोनने टीव्हीला हाक मारली तर टीव्हीचं उत्तर आत यायला हरकत नाही, कारण विचारणारा आतला होता आणि राउटर त्याची नोंद ठेवतो. टीव्हीने स्वतःहून लॅपटॉपला हाक मारली तर ती तिथेच पडायला हवी.

हे करायचे तीन रस्ते आहेत. बहुतेक घरांना पहिला पुरतो.

पहिला रस्ता म्हणजे गेस्ट नेटवर्क. गेल्या सात-आठ वर्षांतल्या जवळपास प्रत्येक बऱ्या राउटरमध्ये ते असतं, आणि ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या डब्यातही पुष्कळदा असतं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओचा डबा असेल तर १९२.१६८.२९.१. किंवा कंपनीचं ॲप उघडा. वाय-फायच्या भागात गेस्ट सापडेल. ते चालू केलं की राउटर दुसऱ्या नावाचं वाय-फाय प्रसारित करू लागतो. त्यावरच्या वस्तूंना इंटरनेट मिळतं, पण मुख्य नेटवर्क दिसत नाही.

इथे चालू-बंद करायच्या दोन खुणा नीट बघा, कारण त्यांची गल्लत होते. एक असते 'पाहुण्यांना माझं स्थानिक नेटवर्क वापरू द्या' अशा अर्थाची. ती कायम बंद. ती चालू असेल तर एवढा खटाटोप फुकट, फक्त वाय-फायला दोन नावं झाली. दुसरी असते 'पाहुण्यांना एकमेकांना दिसू द्या' अशा अर्थाची. ती बंद ठेवली तर ओटीवरच्या वस्तूही एकमेकींशी बोलू शकत नाहीत, कॅमेरा बल्बला गाठू शकत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण काही वस्तूंना शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. स्पीकरला बल्बच्या हबशी, किंवा दारावरच्या घंटीला आतल्या पडद्याशी. माझं मत असं, की आधी ती बंद ठेवून बघा, काही अडलं तरच उघडा. एका बिघडलेल्या बल्बने दुसऱ्या बल्बला त्रास दिला तर तुमचं फार नुकसान होत नाही. घरात कॅमेरा असेल तर मात्र जरा जास्त विचार करा.

अलीकडच्या काही राउटरांत 'आयओटी नेटवर्क', म्हणजे स्मार्ट वस्तूंचं नेटवर्क, असा वेगळा पर्याय असतो. नावावर जाऊ नका. काही ठिकाणी तो नुसतं वेगळं नाव देतो आणि अलगीकरणाची खूण निराळ्या पानावर दडलेली असते. तपासायचं कसं ते पुढे सांगतो.

आता अडचण अशी, की घरात आधीच दहा-पंधरा वस्तू जोडलेल्या आहेत. प्रत्येकीचं बटण दाबून धरा, दिवा लुकलुकेपर्यंत थांबा, ॲपमध्ये परत जोडा, या विचारानेच बहुतेक लोक हे काम सोडून देतात. त्यावर एक सोपी युक्ती आहे. वस्तूंना हलवू नका, स्वतः हला. म्हणजे मुख्य वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलून नवे ठेवा, आणि जुनं नाव जुन्या पासवर्डासकट गेस्ट नेटवर्कला देऊन टाका. बल्ब, पंखा, गिझर यांना आपलं ओळखीचं नाव दिसतं, ओळखीचा पासवर्ड चालतो, आणि ते आपण होऊन ओटीवर जाऊन बसतात. नव्या नावावर न्यायचे राहतात फक्त घरातले फोन, लॅपटॉप आणि आत ठेवायचा प्रिंटर, आणि ते थोड्या वेळाचं काम आहे. क्रम मात्र पाळा. आधी मुख्य वाय-फायचं नाव बदला, मग गेस्टला जुनं नाव द्या, नाहीतर राउटर एकाच नावाची दोन वाय-फाय करायला नकार देऊ शकतो. गेस्टची सुरक्षा पूर्वीसारखीच डब्ल्यूपीए२ ठेवा, जुन्या वस्तूंना डब्ल्यूपीए३ झेपत नाही. आणि गेस्टसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू हवाच, कारण स्वस्त स्मार्ट वस्तूंमधल्या पुष्कळ चिप फक्त त्याच पट्ट्यावर चालतात.

याचा आणखी एक फायदा. इतकी वर्षं गावभर वाटलेला पासवर्ड आता फक्त ओटीचा राहतो. स्वस्त वस्तू पासवर्ड जपतातही वाईट. २०१९ साली एका संशोधकाने एका नामांकित कंपनीचा स्मार्ट बल्ब करवतीने कापून आतली चिप वाचली, तेव्हा वाय-फायचा पासवर्ड तिच्यात साध्या अक्षरांत लिहिलेला सापडला. म्हणजे उडालेला बल्ब कचऱ्यात टाकताना तुम्ही घराचा पासवर्डही टाकत होता. तो बल्ब ओटीवरचा असेल तर चोराच्या हाती ओटी लागेल, माजघर नाही.

दुसरा रस्ता दोन राउटरांचा. आपल्याकडे तो बऱ्याच घरांत आयता असतो, कारण ब्रॉडबँड कंपनी एक डबा देते आणि त्याचा सिग्नल मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून लोक बाजारातून दुसरा राउटर आणतात. गंमत अशी, की हे दोन डबे जवळपास नेहमी उलटे वापरले जातात.

कंपनीचा डबा बाहेरचा आणि तुमचा राउटर आतला, अशी कल्पना करा. आतल्या राउटरच्या मागे बसलेली वस्तू बाहेरच्या डब्यावरच्या वस्तूंपर्यंत पोचू शकते, कारण तिच्या लेखी ते सगळं 'बाहेर' आहे, इंटरनेटसारखंच. बाहेरच्या डब्यावरची वस्तू मात्र आत येऊ शकत नाही, कारण आतला राउटर न बोलावलेलं काहीही आत घेत नाही. आता बघा, लोक काय करतात. जुन्या, मुख्य डब्यावर लॅपटॉप आणि फोन तसेच ठेवतात आणि 'वेगळं करायचं' म्हणून नव्या राउटरवर कॅमेरे नि टीव्ही नेतात. परिणाम नेमका उलटा होतो. कॅमेऱ्याला लॅपटॉप दिसतो, लॅपटॉपला कॅमेरा दिसत नाही. म्हणजे पाहुणे माजघरात आणि घरची माणसं ओटीवर!

बरोबर मांडणी अशी: स्मार्ट वस्तू कंपनीच्या डब्याच्या वाय-फायवर, आणि तुमचे लॅपटॉप-फोन तुमच्या स्वतःच्या राउटरवर. केबल कंपनीच्या डब्याच्या लॅन खाचेतून निघून तुमच्या राउटरच्या वॅन खाचेत गेली पाहिजे. वॅन म्हणजे बहुधा वेगळ्या रंगाची, एकटी असलेली खाच. जोडून देणारा मुलगा बरेचदा ती लॅन खाचेतच लावतो किंवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकतो, म्हणजे तो नुसता वाय-फाय पसरवतो. त्याच्या दृष्टीने ते चूक नाही, त्याला फक्त मागच्या खोलीत सिग्नल पोचवायचा असतो. पण त्यामुळे दोन्ही डब्यांचं मिळून पुन्हा एकच सपाट नेटवर्क होतं. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये बऱ्याच राउटरांचं गेस्ट नेटवर्कही नुसतं नावापुरतं उरतं, कारण अडवण्याचं काम करणारा भागच बंद झालेला असतो. दोन्ही डब्यांचे पत्ते वेगवेगळ्या मालिकेतले हवेत. बाहेर १९२.१६८.१ असेल तर आत १९२.१६८.५० ठेवा.

या मांडणीत एक कच्चा दुवा आहे. तुमच्या आतल्या राउटरची सगळी वाहतूक बाहेरच्या डब्यातून जाते, आणि त्या डब्यावर फितूर झालेला टीव्ही बॉक्स बसलेला असेल तर तो त्या वाहतुकीच्या मधे घुसायचा प्रयत्न करू शकतो. बँकेचं पान कुलूपबंद जोडणीतून येत असल्याने त्याला ते वाचता येणार नाही, पण तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर जाता हे कळू शकतं. सपाट नेटवर्कपेक्षा हे कितीतरी बरं. ज्यांना एवढंही चालत नाही त्यांच्यासाठी तिसरा रस्ता.

तो म्हणजे व्हीलॅन. एकाच तारेतून, एकाच राउटरमधून वेगवेगळी नेटवर्कं वाहतात आणि माहितीच्या प्रत्येक पाकिटावर ते कुठल्या नेटवर्कचं हे सांगणारा क्रमांक चिकटवलेला असतो. या क्रमांकाला बारा बिट दिलेले आहेत, त्यामुळे ४,०९४ नेटवर्कं करता येतात. तुम्हाला दोन-तीन पुरतील. यासाठी मायक्रोटिक, युनिफाय, ओमाडा अशा बनावटीचा राउटर किंवा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रोग्रॅम घातलेला जुना राउटर लागतो, आणि हौस लागते. नियम थोडेच असतात. माजघरातून ओटीकडे जाऊ द्या. ओटीकडून माजघराकडे अडवा. आधी आतून सुरू झालेल्या बोलण्याची उत्तरं येऊ द्या. ओटीवरच्यांना राउटरकडून फक्त स्वतःचा पत्ता आणि संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते मिळावेत, राउटरचं सेटिंगचं पान नको.

व्हीलॅनचा खरा फायदा कॅमेऱ्यांना. घरातच डीव्हीआर किंवा एनव्हीआरच्या डब्यात चित्रण साठत असेल, तर कॅमेऱ्यांना इंटरनेट लागतच नाही. त्यांची बाहेरची वाट पूर्ण बंद करता येते. फक्त एक गोष्ट विसरू नका. कॅमेरा आपलं घड्याळ इंटरनेटवरून लावून घेतो. वाट बंद केली की काही आठवड्यांत ते मागे-पुढे होतं, कधी वीज गेल्यावर थेट १९७० सालात जाऊन बसतं. उद्या सोसायटीत चोरी झाली आणि पोलिसांनी चित्रण मागितलं, तर त्यावरची तारीख-वेळ चुकीची. तेवढी वेळ विचारायची वाट उघडी ठेवा, किंवा राउटरकडूनच वेळ मिळेल असं करा.

आता नेटवर्क वेगळं केल्यावर काय काय अडतं ते. सगळं सुरळीत चालेल असं कुणी सांगितलं तर त्याने हे स्वतः केलेलं नाही, असं समजा.

बल्ब, प्लग, पंखा, गिझर, एसी यांचं बहुधा काहीच अडत नाही. त्यांचं ॲप बल्बशी थेट बोलत नाही. तुम्ही सोफ्यावर बसून दाबलेलं बटण आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून तुमच्याच डोक्यावरच्या पंख्याकडे परत येतं. हे खरं की नाही, ते काहीही बदलण्याआधी बघता येतं. फोनचं वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि पंखा चालू करा. झाला? मग तो वेगळ्या नेटवर्कवरही चालणार. नाही झाला, तर त्या वस्तूला फोन त्याच नेटवर्कवर लागतो, तिचा वेगळा विचार करा. नवी वस्तू पहिल्यांदा जोडताना मात्र फोन थोडा वेळ ओटीच्या वाय-फायवर न्यावा लागतो. जोडणी झाली की परत आत.

टीव्ही त्रास देतो. फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर टाकायचा तर फोनला आधी टीव्ही दिसावा लागतो. त्यासाठी फोन आपल्या नेटवर्कवर 'इथे कुणी पडदा आहे का?' अशी आरोळी ठोकतो, आणि ही आरोळी एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही. मुद्दामच जात नाही. व्हीलॅनवाल्यांना ती पलीकडे पोचवणारी सोय राउटरमध्ये चालू करता येते. बाकीच्यांनी टीव्हीच्या रिमोटवरूनच यूट्यूब लावावं, किंवा कास्ट करण्यापुरता फोन ओटीवर न्यावा. यापायी टीव्ही पुन्हा मुख्य नेटवर्कवर आणू नका. घरातल्या सगळ्या वस्तूंमध्ये ओटीवर बसायला सर्वांत लायक तोच आहे: पडदा मोठा, प्रोग्रॅम अनेक, आणि अपडेट दोन-तीन वर्षांत थांबलेले.

प्रिंटर मी मुख्य नेटवर्कवर ठेवेन. तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही, पण गेस्टची भिंत बहुधा दोन्ही बाजूंनी अडवते, म्हणून तिथे नेला तर लॅपटॉपवरून छापता येत नाही आणि मग वैतागून माणूस सगळंच मोडून टाकतो. दोन राउटरांची मांडणी असेल तर त्याला बाहेर ठेवून लॅपटॉपमध्ये त्याचा पत्ता हाताने भरता येतो, छपाई होते. फोटोंची हार्डडिस्क नेहमी आत, आणि तिला पासवर्ड हवाच. ऑफिसचा लॅपटॉपही आत. पाहुण्यांना ओटीचा पासवर्ड द्यायचा की नाही, ते घरात कॅमेरे आहेत का यावर ठरवा. तसंही आजकाल पाहुण्यांकडे स्वतःचा डेटा असतो.

सगळं झाल्यावर तपासा. सेटिंगच्या पानावर 'अलग' लिहिलंय म्हणजे अलग झालं, असं नसतं. आधी लॅपटॉप मुख्य वाय-फायवर असताना ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडतं, शाईची पातळी वगैरे दिसते. आता लॅपटॉप ओटीच्या वाय-फायवर न्या आणि तोच पत्ता टाका. पान फिरत राहिलं आणि शेवटी उघडलंच नाही, तर भिंत खरी आहे. पहिली पायरी गाळू नका. प्रिंटर झोपलेला असेल तरी पान उघडणार नाही आणि तुम्हाला वाटेल काम फत्ते. पिंग करून, म्हणजे समोरच्या यंत्राला 'आहेस का?' असा संदेश पाठवून, बघणारे इथेच फसतात. विंडोजचा संगणक पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाही, भिंत असो वा नसो. त्याच जागेवरून राउटरचं सेटिंगचं पानही उघडून बघा. ते ओटीवरून उघडायला नको, आणि उघडत असेल तर निदान त्याचा पासवर्ड कारखान्यातला नको. नेटवर्कवरच्या वस्तू शोधून दाखवणारं फिंगसारखं एखादं ॲप लावलं तर ओटीवरून फक्त ओटीवरच्याच वस्तू दिसायला हव्यात.

स्वतः नियम लिहिणाऱ्यांनी आयपीव्ही६ विसरू नये. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या जुन्या पत्त्यांबरोबर हे नवे लांबलचक पत्तेही देतात. जुन्या पत्त्यांसाठी भिंत चोख आणि नव्यांसाठी सताड उघडी, असं सहज होतं, कारण तपासणी आपण जुन्याच पत्त्याने केलेली असते.

राउटरमधल्या आणखी दोन गोष्टी याच वेळी बंद करून टाका. यूपीएनपी, कारण त्यामुळे आतली कुठलीही वस्तू तुम्हाला न विचारता राउटरला बाहेरून आत यायची वाट उघडायला सांगू शकते. आणि डब्ल्यूपीएस पिन, म्हणजे पासवर्डाऐवजी पिन टाकून वाय-फायला जोडायची सोय. आठ आकड्यांची ही पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी शक्यता उरायच्या तिथे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ सालीच जाहीर झालं आहे.

या सगळ्यात काय थांबत नाही, तेही माहीत हवं. ओटीवरचा फितूर कॅमेरा बाहेरच्या जगावर हल्ला करायला अजूनही मोकळा आहे, त्याला इंटरनेट आपणच दिलंय. आणि कंपनीच्या सर्व्हरवरून चित्रण फुटलं तर घरातली भिंत काही करू शकत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये 'वायझ' या अमेरिकी कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना काही काळ दुसऱ्यांच्याच कॅमेऱ्यातली चित्रं दिसली. कुणाचंही नेटवर्क फुटलं नव्हतं, गोंधळ कंपनीच्या बाजूला होता. म्हणून कॅमेरा कुठे लावायचा हा प्रश्न राउटरच्या सेटिंगने सुटत नाही. तो दारावर, गाडी लावतो तिथे, गॅलरीत ठीक आहे. झोपायच्या खोलीत तो कुठल्याही नेटवर्कवर नको.

ब्रॉडबँड कंपनी डबा दुरून अपडेट करते, कधी बिघडला म्हणून बदलून देते, कधी तक्रार केली की फोनवरचा माणूस 'रीसेट करून बघा' म्हणतो. या तिन्ही वेळी गेस्ट नेटवर्क आणि त्याच्या खुणा पुसल्या जाऊ शकतात. डबा बदलायला आलेला माणूस तर सोय म्हणून जुनं नाव आणि जुना पासवर्ड मुख्य वाय-फायलाच लावून जातो, आणि ओटीवरच्या सगळ्या वस्तू मुकाट्याने माजघरात येतात. काही अडत नाही, म्हणून कळतही नाही. तो माणूस गेल्यावर प्रिंटरची ती तपासणी पुन्हा एकदा करा.